कूपर्सटाउनवाल्यांनो, रॉस बार्न्सला अजून किती वर्षं दाराबाहेर उभं करणार?

प्रति,
संचालक मंडळ आणि क्लासिक एरा कमिटीची सगळी मंडळी,
नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम, कूपर्सटाउन, न्यूयॉर्क

नमस्कार मंडळी,

पत्र मराठीत आहे, त्याला इलाज नाही. न्यू जर्सीत एक हाक मारा, वाचून दाखवायला दहा जण धावत येतील. त्यातल्या निम्म्यांना बेसबॉल कळत नसेल, पण भांडण कळेल, आणि हे पत्र बरंचसं भांडणच आहे.

तर १८७६. नॅशनल लीगचा पहिला सीझन, म्हणजे आज तुम्ही ज्याला मेजर लीग म्हणता त्याची अधिकृत सुरुवात. त्या वर्षी सगळ्यात जास्त रन काढल्या शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जच्या सेकंड बेसमन (मैदानातल्या दुसऱ्या बेसजवळचा फील्डर) रॉस बार्न्सने, ६६ मॅचमध्ये १२६. दुसऱ्या नंबरवर कोण, तर बोस्टनचा जॉर्ज राइट, ७२. एकशे बावीस किंवा एकशे अठरा नाही हो, ७२! बॅटिंग ॲव्हरेज, म्हणजे बॅटिंगच्या संधींपैकी किती वेळा बॉल मारून बेस गाठला (तीच हिट) ते प्रमाण, बार्न्सचं .४२९, दुसऱ्या नंबरच्या जॉर्ज हॉलचं .३६६. सगळ्यात जास्त हिट त्याच्या, डबलमध्ये (दोन बेसची हिट) त्याच्या पुढे कोणी नाही, ट्रिपल (तीन बेसची) त्याच्या, वॉक (वाईट बॉल टाकल्याने फुकट मिळणारा बेस) पण त्याच्याच. नॅशनल लीगच्या इतिहासातला पहिला होम रनसुद्धा त्याचा, २ मे १८७६, सिनसिनाटीत, चेरोकी फिशर नावाच्या पिचरच्या बॉलवर. आणि तुमच्या हॉलमध्ये, जिथे निवडलेल्या दिग्गजांच्या पाट्या लागतात, तिथे भिंतीवर कोणाची पाटी आहे? त्या ७२ वाल्याची, निवड १९३७ लाच झालेली. जॉर्ज राइटबद्दल माझी तक्रार शून्य, माणूस त्या जागेच्या लायकीचाच होता. पण १२६ वाला बाहेर का, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगा.

नियम मला माहितीये. किमान १० सीझन खेळलेला पाहिजे. बार्न्सचे भरतात ९. १८७१ ते १८७७ सलग सात, मग १८७९ सिनसिनाटीकडून, मग १८८१ बोस्टनकडून. झाले नऊ. आणि त्यातले पहिले पाच नॅशनल असोसिएशनमधले (नॅशनल लीगच्या आधीची व्यावसायिक लीग), ते मेजर लीगच्या हिशोबात धरायचेच नाहीत असं ठरलंय, म्हणजे कागदावर उरतात चार. याच्यावर पुढे बोलतोच, कारण खरी गोम तिथे आहे.

आधी माणूस कोण होता ते सांगतो, तुमच्यासाठी नाही, माझे मराठी वाचक पण हे वाचतायत म्हणून. १८५० चा जन्म, न्यूयॉर्क राज्यातलं माउंट मॉरिस, वाढला इलिनॉयमधल्या रॉकफर्डला. तिथल्या फॉरेस्ट सिटी क्लबात दोन पोरं एकत्र खेळायची, एक बार्न्स आणि दुसरा अल्बर्ट स्पॉल्डिंग, हो तोच, ज्याचं नाव आपल्याकडे बास्केटबॉलवर छापलेलं असतं. १८६७ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनचा नॅशनल्स क्लब दौऱ्यावर शिकागोला आला, देशातल्या सगळ्यात तगड्या टीमपैकी एक, वाटेत भेटेल त्याला झोडत आलेले, आणि त्यांच्यात जॉर्ज राइट पण होता. त्यांना या रॉकफर्डच्या पोरांनी २९-२३ ने हरवलं. बार्न्स तेव्हा १७ वर्षांचा, स्पॉल्डिंग १६ चा. पुढे १८७१ मध्ये हॅरी राइटने (जॉर्जचा मोठा भाऊ, व्यावसायिक बेसबॉलचा खरा बाप म्हणायला हरकत नाही) बोस्टनची टीम बांधायला घेतली तेव्हा दोघांना एकदमच उचललं.

मग बोस्टन रेड स्टॉकिंग्जने काय धिंगाणा घातला ते तुमच्याच लायब्ररीत आहे. १८७२, ७३, ७४, ७५, सलग चार टायटल. १८७५ ला तर ७१ जिंकल्या आणि ८ हरल्या. शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) जॉर्ज राइट, सेकंड बेसला बार्न्स, पिचिंगला स्पॉल्डिंग. बार्न्सचं ॲव्हरेज १८७२ ला .४३०, १८७३ ला .४३१, आणि त्या १८७३ च्या वर्षी ६० मॅचमध्ये १२५ रन. म्हणजे मैदानात उतरला की दोन रन धरूनच चालायचं. आणि हे नुसतं बॅटिंग झालं, फील्डिंगलाही सेकंड बेसला त्याच्या तोडीचा कोणी नाही असंच तेव्हा मानलं जायचं, तेही उघड्या हातांनी, कारण तेव्हा इनफिल्डर ग्लोव्ह घालत नव्हते. सणसणीत ग्राउंडर आला की तळहातावरच घ्यायचा.

१८७४ च्या उन्हाळ्यात हीच बोस्टनची टीम फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सबरोबर बोटीने इंग्लंडला गेली, बेसबॉलची जाहिरात करायला. इंग्रजांना बेसबॉलचं काही विशेष वाटलं नाही, पण यजमानांची सोय म्हणून या लोकांनी क्रिकेटही खेळून दाखवलं, थेट लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध. यांच्याकडून १८ जण उतरले, म्हणजे फील्डिंगला बाजार भरलेला, पण हरले नाहीत. आम्हा क्रिकेटवेड्या लोकांना या सगळ्या इतिहासात पहिल्यांदा गोडी लागते ती इथे.

तर मुद्दा. त्या बोस्टनच्या टीममधून तुम्ही आत कोणाकोणाला घेतलंत बघा. हॅरी राइट आत. जॉर्ज राइट आत. स्पॉल्डिंग आत. जिम ओ'रूर्क आत. कॅचर डीकन व्हाइट, तो पण २०१३ ला आत. मग १८७६ साठी बोस्टनचे चार मोहरे फोडून शिकागोला नेणारा विल्यम हल्बर्ट, जो एक बॉल न खेळता मालक होता, तो पण आत. पळवलेल्या चौघांत होते स्पॉल्डिंग, व्हाइट, कॅल मॅकव्हे आणि बार्न्स. त्या चौघांत बॅट सगळ्यात जास्त कोणाची बोलली हे वर लिहिलंच आहे. पळवणारा आत, पळून गेलेल्यांतले दोघे आत, आणि ज्याच्यासाठी एवढी पळवापळवी केली तो बाहेर.

आता फेअर-फाउलची गोष्ट, कारण बार्न्सचं नाव काढलं की तुमच्याकडचे लोक पहिलं तेच तोंडावर फेकतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. होम प्लेटपासून दोन रेघा निघतात, काटकोनात, एक फर्स्ट बेसकडे आणि एक थर्ड बेसकडे. आज नियम असा की जमिनीवरून मारलेला बॉल बेसपर्यंत पोचायच्या आधीच रेघेबाहेर जाऊन थांबला तर फाउल, म्हणजे त्यावर पळता येत नाही; आत राहिला तर फेअर. तेव्हा नियम फक्त पहिला टप्पा कुठे पडला एवढंच बघायचा. आत पडला ना, मग पुढे तो पार प्रेक्षकांत जाऊ दे, बॉल फेअर. बार्न्सने काय केलं, तर बॅट वरून खाली अशी तिरकी आणायची की बॉल प्लेटच्या जेमतेम पुढे रेघेच्या आत जमिनीवर आपटायचा आणि अशी काही फिरकी घेऊन उसळायचा की सुसाट थर्ड बेसच्या बाहेरच्या बाजूला. थर्ड बेसमन गवतातून बॉल शोधून आणेपर्यंत हा फर्स्टला पोचलेला, कधीकधी सेकंडला. बरं, ते अडवायला थर्ड बेसमन रेघेला चिकटून उभा राहिला तर त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या मधे ही मोठी खिंड, मग हा तिथून सरळ ठोकणार. दोन्हीकडून मरण. हे करायला मनगट किती पाहिजे आणि नजर किती पाहिजे याचा विचार करा, आणि नियम सगळ्यांना सारखाच होता की, कोणाला मनाई होती का तसं मारायला? बाकीच्यांनी मारून बघितलंही. बार्न्ससारखं कोणाला जमलं नाही एवढंच.

१८७७ च्या सीझनला नियम बदलला, फेअर-फाउल बंद. त्या वर्षी बार्न्स २२ मॅच खेळला आणि ॲव्हरेज .२७२. झालं, सगळ्यांनी निकाल लावून टाकला, बघा शॉट गेला आणि हिरो संपला. इतकी सरळ गोष्ट, सांगायला सोपी, लहान पोरांच्या पुस्तकात चित्रासकट छापता येते. फक्त त्यात एक बारीकसं राहून जातं की हा माणूस त्या सीझनच्या सुरुवातीलाच तापाने अंथरुणाला खिळला होता. हिवतापासारखा थंडी वाजून येणारा ताप, अंगातली ताकदच काढून घेतली त्याने. २२ मॅच का, तर बाकीचा बराच काळ तो मैदानावर उभाच राहू शकत नव्हता. परत आला तेव्हाही तो आधीचा बार्न्स नव्हता, आणि पुढे कधी झालाच नाही. नियम आणि आजार एकाच वर्षी आले, आणि सगळं बिल नियमाच्या नावावर फाडलं गेलं. मी असं म्हणत नाही की नियम बदलल्याने काहीच फरक पडला नसता, पडलाच असता, थोडाफार. पण .४२९ वरून माणूस .२७२ वर येतो तेव्हा आधी डॉक्टरला विचारावं, मग रूलबुक उघडावं.

आणि क्लबने काय केलं? आजारी आहे तेवढ्या दिवसांचा पगार कापला. बार्न्स कोर्टात गेला आणि हरला. आधीच्या वर्षी याच क्लबला टायटल मिळवून दिलेलं, ५२ विजय, १४ पराभव, आणि हे त्याचं बक्षीस. व्यावसायिक खेळाडूने आजारपणातल्या पगारासाठी मालकाविरुद्ध कोर्टाची पायरी चढायची, तेही १८७० च्या दशकात, हे खरं तर तुमच्या म्युझियममध्ये एका वेगळ्या कपाटात लावण्यासारखं प्रकरण आहे. खेळाडूंच्या हक्कांबद्दल तुम्ही जेव्हा केव्हा बोलता तेव्हा गोष्ट पुढच्या शतकातून सुरू होते, ती इथून सुरू करता येईल.

आता त्या नऊच्या आकड्याकडे येतो.

ॲडी जॉस. क्लीव्हलँडचा पिचर, १९०२ ते १९१०, मोजून ९ सीझन. १९११ च्या एप्रिलमध्ये मेंदूज्वराने गेला, वय ३१. त्याला तुम्ही १९७८ ला आत घेतलंत, दहा वर्षांचा नियम बाजूला ठेवून. बरोबर केलंत! शंभर टक्के बरोबर. आजाराने माणसाचं दहावं वर्ष खाल्लं म्हणून आधीची नऊ खोटी ठरत नाहीत, हे तुम्हीच मान्य केलंय. मग बार्न्सला वेगळा न्याय का? जॉस आजारात गेला आणि बार्न्स आजारातून जगला, एवढाच फरक ना? जगल्याची शिक्षा म्हणायची का ही?

कँडी कमिंग्ज घ्या. नॅशनल असोसिएशनमध्ये ४ सीझन, नॅशनल लीगमध्ये २. एकूण ६. १९३९ पासून आत, कारण कर्व्हबॉलचं (हवेत वळणारा बॉल) श्रेय त्याला. म्हणजे बॅट्समनला फसवायची नवी युक्ती काढली की सहा वर्षं पुरतात, आणि फील्डरला फसवायची युक्ती कोणापेक्षाही भारी वापरली, इतकी की ती थांबवायला नियमच बदलावा लागला, तर नऊ पुरत नाहीत. कोणी हिशोब केलाय हा?

शिवाय दहावं वर्ष नाहीच असंही नाही. १८७८ मध्ये बार्न्स कॅनडात होता, लंडन, ओंटारिओ इथल्या टेकमसेह टीमचा मॅनेजर आणि खेळाडू, इंटरनॅशनल असोसिएशनमध्ये. घरी बसून मासे नव्हता मारत. पैसे घेऊन बेसबॉलच खेळत होता, फक्त तुमच्या वहीतल्या लीगमध्ये नव्हता.

आणि ही वही कोणी लिहिली? १९६९ च्या रेकॉर्ड्स कमिटीने. त्यांनी बसून ठरवलं की कुठल्या लीग मेजर आणि कुठल्या नाही. नॅशनल असोसिएशनचं शेड्यूल विस्कळीत, कारभार ढिसाळ, म्हणून बाद. बरं, ढिसाळ होताच कारभार, खोटं कशाला बोला. टीम सीझनच्या मधे गायब व्हायच्या, परतीच्या दौऱ्याला लोक जायचेच नाहीत, जुगारवाले मैदानाभोवती घिरट्या घालायचे, १८७५ ला किओकुक नावाची टीम १३ मॅच खेळून दुकान बंद करून मोकळी झाली. सगळं कबूल. पण त्याच कमिटीने १८८४ ची युनियन असोसिएशन मेजर धरली! एकच वर्ष चाललेली लीग. तिच्यात अल्टूना २५ मॅच खेळून बंद पडलं, सेंट पॉल ९ मॅच खेळलं आणि त्या नऊच्या नऊ बाहेरगावी, स्वतःच्या गावात एकही नाही. सेंट लुइसने ९४ जिंकल्या, १९ हरल्या, कारण लीगचा मालक आणि सेंट लुइसचा मालक एकच माणूस. त्या लीगमध्ये फ्रेड डनलॅपने .४१२ मारलं ते मेजर लीगच्या पुस्तकात छापलंय. आणि हॅरी राइट, जॉर्ज राइट, स्पॉल्डिंग, बार्न्स, ॲन्सन, म्हणजे त्या काळी देशात जे जे चांगले खेळत होते ते जवळजवळ सगळे जिथे होते, ती लीग बाद. कुठल्या तराजूत तोललं हे?

तराजू बदलता येतो हे पण तुमच्याच खेळाने दाखवलंय. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने निग्रो लीग्जना (वंशभेदामुळे वेगळ्या पडलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीग) मेजरचा दर्जा दिला, १९२० ते १९४८ मधल्या सात लीग, आणि २०२४ ला त्यांचे आकडे मूळ रेकॉर्डमध्ये घेतले. फार आधी व्हायला पाहिजे होतं ते. १९६९ च्या त्या खोलीत तर त्या लीगचा विषयसुद्धा निघाला नव्हता. तो अन्याय आणि बार्न्सचा अन्याय एका पारड्यात नाहीत, कुठे वंशभेदाची भिंत आणि कुठे कागदपत्रांचा घोळ. एवढंच म्हणतोय की १९६९ ची यादी दगडावरची रेघ नाही हे आता सगळ्यांनी बघितलंय.

आमच्या क्रिकेटमध्ये १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला जी मॅच झाली, तिला आज पहिली टेस्ट म्हणतात. खेळणाऱ्यांना त्या दिवशी पत्ता नव्हता की आपण पहिली टेस्ट खेळतोय, तो दर्जा नंतर बऱ्याच वर्षांनी लोकांनी मागे वळून यादी करताना दिला. चार्ल्स बॅनरमनचे १६५ आजही रेकॉर्डमध्ये आहेत. कोणी म्हणत नाही की तेव्हा आयसीसी कुठे होती. आणि फेअर-फाउलवाल्यांना सांगायचं तर, बॉडीलाइननंतर क्रिकेटचे नियम बदलले, पण लारवूडच्या त्या सिरीजच्या ३३ विकेट कोणी वहीतून खोडल्या नाहीत.

दुसरा आक्षेप असतो की तेव्हाचं पिचिंग सोपं होतं. पिचर ४५ फुटांवरून खालून हात फिरवून टाकायचा, बॅट्समन सांगायचा मला वर पाहिजे की खाली पाहिजे, मग .४२९ त्यात काय विशेष. अहो पण मग बाकीच्यांनी का नाही मारलं? ॲन्सन त्याच टीममध्ये होता, तेच पिचर, तेच मैदान, त्याचं .३५६. तुम्ही ॲन्सनला १९३९ लाच आत घेतलंय. सोपं होतं तर सगळ्यांना सोपं होतं, आणि सोप्यात सगळ्यांच्या इतका पुढे जाणारा एकच.

तुमच्या गावाबद्दल एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. कूपर्सटाउनला म्युझियम का आहे? तर डबलडे नावाच्या जनरलने १८३९ ला तिथे बेसबॉल शोधला अशी एक दंतकथा आहे, जी आज तुम्ही स्वतः पण खरी मानत नाही, आणि जी पसरवायला ज्याने सगळ्यात जास्त जोर लावला तो स्पॉल्डिंग. बार्न्सचा रॉकफर्डपासूनचा दोस्त. म्हणजे दोस्ताच्या थापेवर अख्खं म्युझियम उभं राहिलं आणि दोस्ताने बघितलेल्या खऱ्या खेळाला तिथे जागा नाही.

बार्न्स नंतर फारसा प्रकाशात राहिला नाही. १८९० मध्ये प्लेयर्स लीगला अंपायरिंग केलं, म्हणजे खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड करून काढलेली लीग, तिथे हा दिसावा यात मला तरी १८७७ च्या कोर्टकेसचा वास येतो, तुम्हाला नसेल येत तर सोडून द्या. १९१५ च्या फेब्रुवारीत शिकागोत वारला, दफन रॉकफर्डला. तुमचं हॉल उघडलं १९३९ ला, तोपर्यंत त्याला खेळताना बघितलेले किती उरले असतील आणि त्यांना कोण विचारायला गेलं असेल.

आठवण करून देणारे मधे मधे असतात. सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्चच्या अभ्यासकांनी २०१३ ला एकोणिसाव्या शतकातला दुर्लक्षित दिग्गज म्हणून त्याचीच निवड केली, ज्या वर्षी तुम्ही डीकन व्हाइटला आत घेतलंत त्याच वर्षी. म्हणजे फाइल तुमच्या टेबलावर नाही असं म्हणायला वाव नाही.

मागणी दोन ओळींची आहे. संचालक मंडळाने जॉससाठी केलं तसा बार्न्ससाठी दहा वर्षांचा नियम शिथिल करावा, किंवा त्याची असोसिएशनची पाच वर्षं आणि १८७८ चं कॅनडातलं वर्ष धरून दहा पूर्ण झाली असं लिहून द्यावं, कुठलंही चालेल, आम्हाला शब्दांत रस नाही. आणि क्लासिक एराची (जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी कमिटी) पुढची बैठक २०२७ च्या डिसेंबरमध्ये आहे, तिच्यासाठी नावं काढणाऱ्या कमिटीला हे आधीच कळवावं, कारण २०२४ च्या यादीत आठ नावं होती आणि त्यात एकोणिसाव्या शतकातला खेळाडू एकही नव्हता. मत देणारे १६, लागतात १२. बार्न्सला १२ मतं मिळतील की नाही मला माहीत नाही, पडला तर पडू दे, निदान मतदानात पडू दे. पाटी झालीच तर टोपी शिकागोची लावायची की बोस्टनची यावर आपण पुढे सावकाश भांडू, माझं मत बोस्टन, कारण शिकागोने पगार कापला होता.

कळावे,
लांबून बेसबॉल बघणारा एक मराठी माणूस